आमच्यात असं म्हणत न्हाईत

सोहनी मॅडमनी लाटणं उचललं, मामांच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "तात्या, याला तुमच्या गावात काय म्हणतात?"

मामांनी लाटण्याकडं पाहिलं. मग खाटेवर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरकडं पाहिलं. मग सैपाकघराच्या बंद दाराकडं पाहिलं. दाराला बोटभर फट होती आणि त्या फटीला वर माझा एक डोळा, खाली सासूबाईंचा एक डोळा लागलेला होता.

"ह्याला?" मामा म्हणाले. "ह्यानं शेजारच्या भीमरावानं बायकोचा मार खाल्ला हुता."

"असं का. पण नाव काय?"

"भीमराव मोहिते."

खालच्या डोळ्याच्या मालकिणीनं कपाळावर हात मारला.

आता हे आठवलं की मी एकटीच हसत बसते, पण त्या दिवशी मला हसायची सोय नव्हती. हसायला तोंड उघडावं लागतं, आणि उघड्या तोंडातून काय बाहेर पडेल याचा मला काही भरवसा नव्हता. माझ्या दाढेखाली लवंग होती. ती चावत मी गप्प उभी होते, कारण नवऱ्याकडं राहायला जायचं की नाही हे त्या दिवशी माझ्या गप्प राहण्यावर ठरणार होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव सूर्यवंशी. गावात त्यांना तात्या म्हणायचे. सासूबाई आक्काताई. त्या भागात सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही आत्तीच म्हणत असे. गाव बेलखिंड, विट्याच्या पुढचं. आणि मी अकोल्याची, गावंड्यांची कुंदा. एवढ्या लांबून मी तिथं कशी जाऊन पडले, तर गलाईमुळं. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून चोख करून द्यायचा धंदा. विट्याकडची माणसं हा धंदा घेऊन देशभर पसरलीत, त्यातलाच एक धनाजी सूर्यवंशी आमच्या अकोल्याच्या सराफ्यात दुकान टाकून बसला होता. माझ्या बापाला पोरगा पसंत पडला, मला तर त्याच्या आधीच पडला होता.

लग्न झालं, वरात बेलखिंडला आली, आणि अंगावरची हळद उतरायच्या आत धनाजी परत अकोल्याला गेला. म्हणजे तो माझ्या माहेरी आणि मी त्याच्या. माझी माय त्याला रोज जेवणाचा डबा पाठवायची. इकडं मी त्याच्या मायच्या हाताखाली भाकरी थापायची. आत्तींचं म्हणणं एवढंच होतं की, सून आधी घरातली व्हावी, मग खुशाल नवऱ्याबरोबर जावी. आता घरातली झाली हे ओळखायचं कशावरनं? तर जिभेवरनं.

माझी जीभ म्हणजे पक्की वऱ्हाडी. पहिल्याच आठवड्यात मी आत्तींना सांगितलं की दूध गंजात आहे. आमच्याकडं गंज म्हणजे भांडं, पातेलं. आत्तींना वाटलं, दुधाला गंज चढला. त्यांनी ते सगळं दूध कुत्र्यापुढं ओतलं आणि वर मला विचारलं की, भांडं घासून घ्यायला काय झालं होतं. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी भांडं माझ्यापुढं आपटलं.

"डेचकी म्हणायचं ह्याला. आमच्यात असं म्हणत न्हाईत."

हे वाक्य मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की, झोपेतसुद्धा कुणी 'आमच्यात' म्हटलं असतं तर मी 'न्हाईत' म्हणून पुरं केलं असतं. टमाट्याला भेद्रं म्हटलं, आमच्यात असं म्हणत न्हाईत. पिठल्याला चून म्हटलं, तर त्या पानाचा डबा घेऊन आल्या. पण सगळ्यात मोठा राडा झाला सांबारचा. नणंदेच्या सासरची माणसं जेवायला बसली होती. मी आतून मोठ्यानं विचारलं, "आत्ती, आमटीवर सांबार टाकू का?" आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, यात माझा काय दोष? पण सूर्यवंश्यांच्या घरात आमटीवर सांबार ओततात ही बातमी पार आटपाडीपर्यंत पोचली. त्या दिवशी आत्तींनी मला निक्षून सांगितलं की, गंज एक वेळ त्या ऐकून घेतील, पण कोथमिरीला सांबार ह्या घरात चालायचं नाही.

ही सगळी भांडणं जेवणाच्या वेळीच व्हायची. मामा ताटावर मान घालून भुरके मारत बसायचे. ऐकतात की नाही, कळायचं नाही. घरात त्यांना फक्त दोन गोष्टींत रस होता, आमटी आणि म्हैस.

वर्ष व्हायला आलं होतं, दिवाळी तोंडावर होती, आणि धनाजी दिवाळीला येणार होता. अशात पुण्याहून सोहनी मॅडम आल्या. गावोगावच्या बोलण्यातले शब्द गोळा करून त्यांचा कोश करायचा, असं कसलं तरी काम होतं. त्यांना माणूस हवा होता तो असा, की ज्याचा जन्म त्याच गावातला, जो कधी गाव सोडून राहिला नाही, वयानं म्हातारा, आणि तोंडात दात शाबूत, म्हणजे उच्चार नीट कळतील. सरपंचांनी चावडीत म्हाताऱ्यांची रांग लावली. अर्ध्यांचं आयुष्य गलाईपायी मद्रास-कलकत्त्याला गेलेलं, आणि जे गावात राहिले त्यांचे दात गेलेले. दोन्ही शाबूत असलेले एकटे मामा निघाले. त्यांनी चावडीत सगळ्यांदेखत दात दाखवले आणि मॅडमना घेऊनच घरी आले.

मॅडम आमच्याकडंच उतरल्या. पहिला दिवस शेतातल्या शब्दांचा होता. मामांनी नांगराचं रुमणं, हाळीस, जुपणी, सगळं असं काही सांगितलं की मॅडमना लिहिता लिहिता घाम फुटला. म्हशीच्या शिंगांना ती वळतील तसं वेगळं नाव असतं हे मलाही तेव्हाच कळलं. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, असा माणूस मला कुठंच भेटला नाही, उद्या आपण सैपाकघर घेऊ.

सैपाकघर म्हटल्यावर आत्ती उठल्याच. शिंकाळ्यावरची, माळ्यावरची, होती नव्हती ती सगळी भांडी काढून त्यांनी चिंचेनं लखलखीत केली. शेतातलं सांगायला नवरा, तर चुलीजवळचं सांगायला आपणच, यात त्यांना काडीची शंका नव्हती. चिंता एकच होती, ती माझी.

भांडी पुसता पुसता त्यांनी मला जवळ बसवलं. "हे बघ कुंदे. त्या मशिनीत शिरलेलं छापून येतंया म्हणं. छापून आलेलं पुसता येत न्हाई. तुजं एक जरी वऱ्हाडी बोलणं त्यात गेलं, तर बेलखिंडीची बायकामाणसं असं बोलत्यात म्हणून जगभर हुईल."

मी म्हटलं, मी गप्प राहते.

"तू? गप?" त्या म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. "ऱ्हा बरं. मॅडमची गाडी गावाभायेर जाईपातूर तुज्या तोंडातनं तिकडला एक शब्द निघाला न्हाई, तर दिवाळी झाल्यावर धन्यासंगं अकोल्याला धाडते. निघाला, तर आणिक एक वरीस हितंच."

आई शप्पत सांगते, मी हरखूनच गेले. त्या रात्री मी देवापुढं नारळ बोलले आणि सकाळी उठल्या उठल्या दाढेखाली लवंग धरली. बोलावंसं वाटलं की चावायची, म्हणजे जिभेला चटका बसतो आणि भान राहतं.

सकाळी एक फजिती झालीच. बाहेर सोप्यात मॅडम टेप चालतो का ते बघत होत्या, मामा 'हॅलो हॅलो' करत होते. आत चुलीवर दूध होतं. ते वर यायला लागलं, मला दिसलं, आणि ओरडायला तोंड उघडलं तर ओठांवर आला तो गंज. मी तोंड मिटलं. दुसरा शब्द आठवेना. जी डेचकी वर्षभर डोक्यात हाणली होती, ती ऐन वेळी कुठं गेली देव जाणे. मी नुसती हातवारे करत उभी. आत्ती मागल्या दारी होत्या, त्यांनी ते बघितलं, धावत आल्या, आरडाओरडा केला, मी भांडं उतरवलं, त्यांनी पाणी मारलं. अर्धं दूध चुलीत गेलं, पण माझ्या तोंडून अक्षर नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग आत्तींनी इरकलचं लुगडं नेसलं, डोक्यावरचा पदर चापून बसवला आणि भांड्यांच्या रांगेशेजारी पाट घेऊन बसल्या. मॅडमनी टेपचं बटण दाबायच्या आधी सहज विचारलं की, आक्का, तुमचं माहेर कुठलं.

"अथणीच्या पल्याडलं. कानडी मुलखातलं."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी फार नरमाईनं सांगितलं की, मग आक्कांचे शब्द घेता येणार नाहीत, कारण त्या मूळच्या इथल्या नव्हेत. नियमच तसा आहे. इथं जन्मलेलं माणूसच लागतं. म्हणजे तात्या.

आत्ती उठल्या. पाट उचलला आणि आत आल्या. एवढी नटलेली बाई तशीच परत फिरलेली बघून मलाच कसंसं झालं. पण त्यांनी हार मानली नव्हती. मामा त्यांच्या जागी बसले, मॅडमनी पोळपाट दाखवला, आणि आतून आवाज आला, "पोळपाट म्हणा." मॅडमनी दुसरं काही दाखवायच्या आत पुन्हा आला, "उलथणं म्हणा की वो." तेव्हा मॅडमनी हात जोडले आणि मधलं दार लावून घेतलं. अशा रीतीनं आम्ही दोघी फटीशी आलो.

आता मामांचं काय झालं ते सांगते. या माणसानं जन्मात चुलीपुढं पाऊल ठेवलं नव्हतं. तहान लागली तर उंबऱ्याबाहेरून पाणी मागायचे. समोर मांडलेली भांडी त्यांनी ताटात वाढताना लांबून पाहिलेली, एवढीच ओळख. लाटण्याचं तुम्हाला सांगितलंच. सांडशी दाखवल्यावर म्हणाले, "पक्कड. पर ही आमची न्हवं, आमची खोलीत हाय." किसणी उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाले, ह्याला हात लावू नका, रक्त येतंय. झाऱ्याला त्यांनी भोकाचा चमचा म्हटलं. परातीला मोठी थाळी आणि थाळीला बारकी परात. मॅडम जे ते लिहून घेत होत्या, पण त्यांची पेन्सिल हळूहळू चालायला लागली होती. इकडं आत्तींची अवस्था बघवत नव्हती. चाळीस वर्षं ज्या हातचं खाल्लं त्या हातातल्या एकाही वस्तूचं नाव या माणसाला येऊ नये, याचं त्यांना दुःख होत होतं की संताप, ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

"राहू द्या तात्या, हे शेवटचं," असं म्हणत मॅडमनी दुधाचं भांडं पुढं सरकवलं. "याला?"

मामांचा चेहरा एकदम उजळला.

"ह्यो? ह्यो गंज की."

माझी लवंग घशात गेली.

मॅडमनी पेन्सिल थांबवली. म्हणाल्या, परत सांगा. मामांनी परत सांगितलं, अगदी ऐटीत, शाळेत एखाद्याला एकच पाढा येत असावा आणि नेमका तोच विचारला जावा तसं. मॅडमनी विचारलं, आणखी काही माहीत आहे का. तर मामांनी कोपऱ्यातल्या भाजीच्या टोपलीतली कोथिंबिरीची जुडी स्वतःहून उचलली. "हे सांबार." मग टमाटा उचलला. "हे भेद्रं. आन पिठल्याला चून म्हणत्यात, पानाचा चुना ईगळा." टोपली संपली तेव्हा थांबले.

खरं सांगायचं तर यात आश्चर्य काहीच नव्हतं. पोळपाट-लाटण्यावरून आमच्या घरात कधी भांडण झालंच नव्हतं. ज्या शब्दांवरून झालं, तेवढेच जेवताना मामांच्या कानावर पडले आणि तेवढेच डोक्यात राहिले. पण हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा एवढंच दिसलं की दार धाडकन उघडलं आणि आत्ती सोप्यात गेल्या.

"कुंदीनं खुणावलं ह्यांना," त्या म्हणाल्या. "फटीतनं शिकवलं. अगं, जायची एवढी घाई, आन एवढा येळ तोंड धरून बसवंना तुला?"

मी मान हलवली. जोरजोरात हलवली. बोलावं तर पैज जाणार, न बोलावं तर आळ खरा ठरणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाळी डोळ्यांसमोरून गेली, सराफ्यातलं ते दुकान गेलं, दुकानावरची खोली गेली.

तेव्हा मामा माझ्या बाजूनं बोलले. म्हणाले, पोरीनं कशाला शिकवायला पाहिजे, घरात सगळेच म्हणतात गंज, तू पण म्हणतेस. आत्तींनी विचारलं, मी? कधी? मामा म्हणाले, आज सकाळीच की. आत्ती म्हणाल्या, ह्या तोंडानं तो शब्द काढला असेल तर ही जीभ झडून पडेल.

मॅडम इतका वेळ दोघांकडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळी टेप चालू होता." आणि त्यांनी पट्टी मागं फिरवली.

आधी मामांचं 'हॅलो हॅलो' ऐकू आलं. मग म्हैस ओरडली. आणि मग लांबून, पण स्वच्छ, आत्तींचा आवाज आला: "अगं कुंदे, गंज उतरीव की. बघत काय हुबारलीयास, दूध चाललं. चंबू दे, चंबूभर पाणी दे हिकडं, चंबू, चंबू."

मॅडमनी बटण बंद केलं. मामा हळूच म्हणाले, "म्हणालीस का न्हाई?"

मी आत्तींकडं बघायचं टाळत होते. वाटलं, आता ह्या टेपच उचलून अंगणात फेकतात. पण त्या हलल्या नाहीत. त्यांना गंज ऐकूच आला नव्हता बहुतेक. त्या दुसऱ्याच शब्दाशी अडकल्या होत्या.

"चंबू कुठला शब्द, आक्का?" मॅडमनी विचारलं. "तांब्या म्हणतात ना इथं?"

आत्ती उंबऱ्यावर टेकल्या. मग त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मामांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पोरसवदा होत्या. माहेरी तांब्याला चंबू म्हणायचे. इथं आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी सासूकडं चंबू मागितला. सासूनं आळीतल्या बायका गोळा करून आणल्या आणि त्यांच्यापुढं तो शब्द परत परत म्हणायला लावला. मग पोरंटोरं त्यांना चंबूच म्हणायला लागली. पाण्याला निघाल्या की मागून 'चंबू आली, चंबू आली.' तेव्हापासून त्यांनी तो शब्द गिळला.

"सासू मेली," आत्ती म्हणाल्या. "त्या बायका मेल्या. माज्या म्हायेरचं बी कोण उरलं न्हाई. आन ह्यो चंबू कुटं दडून बसला हुता माज्यात?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. वर्षभर माझ्याशी जे केलं ते कुठून आलं हे समोर दिसत होतं. पण मला राग आला नाही, नुसतं भडभडून आलं. मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मॅडमनी घसा साफ केला. म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, पण हे शब्द इथले नाहीत, तेव्हा गंज, सांबार वगैरे मी खोडते. आणि खरोखरच पेन्सिल टेकवली.

"खोडू नगा," आत्ती म्हणाल्या.

"पण आक्का, ते इथले नाहीत."

"मग हितलं कोण हाय? ह्या आळीतली एक तरी बाई हितं जल्मली का इचारा. कोण अथणीची, कोण माणातली, कोण पार अकोल्याची. बाप्ये तेवढे हितले, आन त्यांचं बघितलासा न्हवं? भोकाचा चमचा. मग तुमी हितलं सैपाकघर कुणाकडनं लिवून घेणार हाय?"

मामा म्हणाले, आमच्या धन्याच्या धंद्यातबी असंच आहे, चोख करायला गेलं की वजनात कमी भरतं. पण त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मॅडमनी पेन्सिल उचलून घेतली. मग त्यांना हसू फुटलं. म्हणाल्या, नियम मी केलेले नाहीत हो, पुण्यात बसलेल्या बाप्यांनीच केलेत. आणि मग सांगितलं की त्यांचं स्वतःचं माहेर मालवण. तिकडं पातेल्याला टोप म्हणतात. "अजून घरात मी टोप कुठाय विचारलं, की सासरे डोक्याला हात लावून बघतात."

आत्ती हसल्या. पदर तोंडाला लावून, गदागदा हसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या की, ती लवंग थुंक आता, मगाधरनं वास येतोय, आणि बोल काय बोलायचं ते. मी पोटावर हात ठेवून खुणेनंच सांगितलं, लवंग तर कधीच पोटात गेली. त्या म्हणाल्या, मग बोल की. पण मी नाही बोलले. मॅडमची गाडी अजून दारात होती आणि मी काही कच्ची खेळाडू नव्हते. त्या तिघांनी चहा घेतला, मॅडमनी टेप बंद ठेवूनच आत्तींना अथणीकडचं आणखी काय काय विचारलं, आणि मी मुक्यानं कपबश्या उचलल्या. निघताना मामांनी विचारलं की लाटण्यापुढं माझं काय लिहिलंत. मॅडमनी वाचून दाखवलं: "माहिती नाही."

गाडी गावाबाहेर गेली, धूळ बसली, तेव्हा कुठं मी तोंड उघडलं. पण पैजेचं आत्तींनी नावही काढलं नाही.

दिवाळी आली, धनाजी आला. येतानाच त्याची भाषा पार बिघडून आलेली. दारात पाय ठेवून आईला म्हणतो, "काय करून राह्यली?" आत्तींनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. पाडवा झाला, भाऊबीज झाली, त्याची निघायची वेळ आली, तरी माझ्याबद्दल अक्षर नाही. मला विचारायचा धीर होईना. शेवटी निघायच्या दिवशी सकाळी मी भाकरी थापता थापता, खाली बघूनच म्हटलं, "आत्ती, त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता."

"ठावं हाय मला," आत्ती म्हणाल्या. "तू गप ऱ्हायलीस. बोलले ती मी. पिशवी भरून ठेवलीया तुजी, बघ जा."

मी भाकरी तव्यावर तशीच टाकून पळाले. पिशवीत लुगडी होती, चटणीचा डबा होता आणि सगळ्यांत वर ते दुधाचं भांडं, फडक्यात गुंडाळून. मी म्हटलं, आत्ती, हे कशाला, हे तर तिकडं ढिगानं मिळतं.

"तिकडं गंज मिळत्यात," आत्ती म्हणाल्या. "डेचकी कुटं मिळायची तुला अकोल्यात?"

मी ते भांडं परत फडक्यात गुंडाळलं. पाया पडले आणि निघाले.

अकोल्यात खोली लावली त्या दिवशी माझी माय आली होती. चहा ठेवायला म्हणून तिनं ते भांडं हातात घेतलं आणि विचारलं, "हा गंज कुठून आणला वं?"

"गंज नाही माय," मी म्हटलं. "डेचकी आहे ती."

माय माझ्याकडं बघतच राहिली. पोरगी वर्षभरात पार बदलून आली म्हणून तिनं दिवसभर कुरकुर केली.

महिन्याभरानं दुकानात आत्तींचा फोन आला, विट्याच्या बाजारातल्या बूथवरून. जन्मात पहिल्यांदा त्या फोनवर बोलत होत्या, त्यामुळं सगळं ओरडून. म्हैस व्याली, थंडी पडलीय, मामांचा एक दात गेला. मी विचारलं, बाकी सगळं बरं ना. हो म्हणाल्या. मग एकदम आवाज खाली आला.

"कुंदे, कोथमिरीला काय गं म्हणायचीस तू?"

"सांबार," मी म्हटलं.

"व्हय, सांबार. सांबार." त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. "काल ह्यांनी आमटीवर कोथमीर मागितली आन मला तुजा शब्द आठवंना. घरात कोण म्हणतच न्हाई आता. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

मागून बूथवाल्या पोराचा आवाज आला. तो हसून विचारत होता की, आक्काताई, सांबार म्हंजे काय वो?

"कोथमीर रं," आत्ती त्याला म्हणाल्या. "आमच्यात सांबार म्हणत्यात."